बिनसनदी युलिसीस

ज्यांच्या ग्रंथांवरून चित्रपट निघतात त्या ग्रंथकारांपैकी बहुतेकांना आपल्या कृतीचे झालेले मातेरे हयातीतच पाहण्याचा योग येतो आणि मग ते वर्तमानपत्रांच्या दारात फिर्यादी होऊन उभे राहतात. होमर मात्र या बाबतीत मोठा नशीबवान म्हटला पाहिजे, कारण तो झाला की नाही, झाला असल्यास एक झाला की अनेक, याविषयी युरोपातील पंडितांचा दावा दोनशे वर्षांहून अधिक काळ तारखांवर तारखा पडत चालला आहे, आणि ज्याच्या अस्तित्वाचाच निवाडा झालेला नाही त्या इसमाला अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरता येत नाही. 2000 साली पडद्यावर आलेल्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या अमेरिकन विनोदी चित्रपटाच्या कर्त्यांना, म्हणजे जोएल आणि ईथन कोएन या बंधुद्वयाला, ही कायदेशीर बाजू ठाऊक असावी. आरंभीच त्यांनी ‘ओडिसी’चे मंगलाचरण पडद्यावर झळकावले, पटकथा होमरच्या महाकाव्यावर आधारलेली असल्याचे श्रेयनामावलीत रीतसर नमूद केले, आणि एवढी साग्रसंगीत स्थापना झाल्यावर मुलाखती घेणाऱ्यांना शांतपणे सांगून टाकले की ते महाकाव्य आम्ही दोघांनीही वाचलेले नाही.

या कबुलीजबाबाचा ऑस्करच्या दरबारावर यत्किंचितही परिणाम झाला नाही. रूपांतरित पटकथेच्या पारितोषिकासाठी या पटकथेचे नाव दाखल झाले, आणि कित्येक शतके शाळामास्तरांच्या ताब्यात सश्रम कारावास भोगणाऱ्या होमरला उतारवयात हॉलिवूडची पायरी चढायला मिळाली. पारितोषिक मात्र ‘ट्रॅफिक’ या चित्रपटाला गेले, ज्याचा मूलाधार ब्रिटिश दूरचित्रवाणीवरची एक मालिका होती. होमर व्हर्जिलपुढे किंवा मिल्टनपुढे हरता तर पंडितांना काही समाधान तरी वाटले असते. तो हरला दूरचित्रवाणीपुढे, आणि आपल्याकडे घरोघरी संध्याकाळी सातनंतर जे चालते ते पाहता हा निकाल अपिलात फिरेल अशी आशा मला वाटत नाही. चित्रीकरणाच्या त्या सबंध गोतावळ्यात ‘ओडिसी’ वाचलेला इसम म्हणे एकच होता. टिम ब्लेक नेल्सन नावाच्या या नटाने ब्राऊन विद्यापीठातून ग्रीक आणि लॅटिन वाङ्मयाची पदवी घेतलेली. तेव्हा दिग्दर्शकांनी त्याला कोणती भूमिका द्यावी? तिघा नायकांतल्या सर्वांत मठ्ठ माणसाची. विद्वत्तेचा असा यथोचित सत्कार विद्यापीठांच्या बाहेर क्वचितच पाहायला मिळतो.

मी स्वतः कोएन बंधूंच्या कबुलीवर आठ आणेच विश्वास ठेवतो. 1996 साली त्यांनी ‘फार्गो’ काढला तेव्हा ही हकीकत प्रत्यक्ष घडलेली आहे, मृतांविषयीच्या आदरापोटी बाकी सर्व जसेच्या तसे ठेवले आहे, अशा अर्थाचा गंभीर मजकूर आरंभी पडद्यावर लिहिला होता, आणि त्या मृतांपैकी एकही कधी जन्माला आलेला नव्हता. ईथनने तर प्रिन्स्टन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केलेला. न घडलेले घडले म्हणून सांगणारी माणसे, वाचलेले वाचले नाही म्हणून सांगायला कितीशी कचरतील?

आणि समजा, खरोखरच वाचले नसेल, तर त्यात आपण नाक मुरडण्यासारखे काय आहे? व्यासांचे महाभारत आदिपर्वापासून स्वर्गारोहणपर्वापर्यंत वाचून काढलेला गृहस्थ आपल्या परिचयात किती जणांना दाखवता येईल? उलट, सबंध महाभारत घरात ठेवले तर भाऊबंदकी माजते अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. माझ्या आजोबांची तिच्यावर एवढी निष्ठा होती की त्यांनी तो ग्रंथ कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, आणि चुलतभावांशी जमिनीचा दावा ग्रंथाच्या साहाय्यावाचूनच तहहयात चालवला. तरीही भीमाच्या हकीकती सांगाव्यात त्या आजोबांनीच. त्यांचा भीम बकासुराकडे निघताना गाडीभर अन्नाबरोबर लोणच्याची बरणी आठवणीने मागून घेत असे, आणि ही बरणी कोणत्या पर्वात आहे असे विचारण्याची आम्हां नातवंडांपैकी कोणाची छाती नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी झाली, देशभरची हस्तलिखिते त्यासाठी ताडून पाहिली गेली, आणि मयसभेत दुर्योधनाच्या आंधळ्या पित्याचा उद्धार करणारा द्रौपदीचा तो जगप्रसिद्ध टोमणा त्या संशोधित संहितेत काही सापडला नाही. तथापि युद्ध कशामुळे पेटले असे आजही विचारा, दहातले नऊ लोक त्या टोमण्याकडेच बोट दाखवतील. आपल्या कानांवर व्यास कीर्तनांतून, आजोबांच्या तोंडून आणि रविवार सकाळच्या मालिकेतून पडले. कोएन बंधूंच्या कानांवर होमर त्यांच्या देशातल्या वाटांनी पडला असेल.

वाचलेले असो वा ऐकलेले, ‘ओडिसी’चे मर्म मात्र त्यांच्या हाती अचूक लागले आहे, आणि ते मर्म म्हणजे थाप. एकाक्ष राक्षस, माणसांची डुकरे करणारी मायाविनी, गाऊन भुरळ घालणाऱ्या सायरन, पाताळातल्या पितरांची भेट, ही जी प्रकरणे आपण ‘ओडिसी’ म्हणून ओळखतो ती बहुतेक नवव्या ते बाराव्या सर्गांत येतात, आणि ती कवी सांगत नाही. फेशियन लोकांच्या राजवाड्यात पोटभर जेवण झाल्यावर, जहाज आणि नजराणे पदरात पाडून घ्यायचे असताना, ओडिसिअस ती स्वतः सांगतो. सोबती होते तेवढे सगळे वाटेत मेलेले. साक्षीला एक जण शिल्लक नाही. असली जबानी कोणताही मुन्सफ दप्तरी दाखल करून घेणार नाही. पुढे तेराव्या सर्गात मायदेशी, इथाकाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच हा गृहस्थ जी पहिली व्यक्ती भेटते तिला आपले नाव, गाव, इतिहास सारे खोटे सांगतो. ती व्यक्ती असते वेषांतर केलेली साक्षात अथीना देवी, आणि देवी रागावण्याऐवजी हसून कौतुकाने त्याला थोपटते. शत्रूंचा निःपात झाल्यावर, लपवण्याजोगे काही उरलेले नसताना, मळ्यात झाडाला आळे करत असलेल्या थकल्या बापालाही तो आधी एक थाप मारून घेतो आणि मग ओळख देतो. ही केवळ सवय होय. बायकोनेही तीन वर्षे दिवसा विणलेले रात्री उसवून मागणीदारांना झुलवत ठेवलेले. घराणेच तसे.

या घराण्याचा वारस कोएन बंधूंनी 1937 सालच्या मिसिसिपीत, मंदीच्या ऐन कहरात, बेड्या घालून उभा केला आहे. त्याचे नाव युलिसीस एव्हरेट मॅकगिल, आणि युलिसीस म्हणजे रोमनांच्या तोंडचा ओडिसिअसच. भूमिका जॉर्ज क्लूनीची. बेडीला बेडी जोडलेल्या पीट आणि डेल्मर या दोघा कैद्यांना तो सांगतो की दरोड्यातले 12 लाख डॉलर मी एका दरीत पुरून ठेवले आहेत, धरणाचे पाणी चार दिवसांत ती दरी बुडवणार आहे, तेव्हा पळायचे तर आत्ताच. तिघे पळतात. अर्धाअधिक चित्रपट आपण त्या 12 लाखांच्या मागे धावतो, आणि मग एका रात्री माळावर खुलासा होतो की असा काही ऐवज नव्हताच. एव्हरेट दरोडेखोर नव्हेच. सनदेवाचून वकिली केल्याबद्दल त्याला सजा झालेली. बायको दुसरे लग्न लावते आहे ही खबर तुरुंगात पोचली म्हणून त्याला पळायचे होते, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला दोन माणसे अडकलेली असल्यामुळे त्यांना काहीतरी कारण देणे भाग होते. पीटच्या शिक्षेचे दोन आठवडेच राहिले होते. पलायनाची वाढीव शिक्षा धरून आता तो 1987 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुटणार. हे ऐकून तो एव्हरेटच्या अंगावर धावून जातो, यात नवल नाही. नवल हे की आपण प्रेक्षक मात्र एव्हरेटच्या बाजूने उभे राहतो. इतके अलंकारिक, इतके पल्लेदार बोलणारा माणूस सनद नसताना वकिली करत होता, तर सनद असलेल्यांनी काय दिवे लावले असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी उभी हयात महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात घालवली, आणि त्यामुळे ग्रीक वाङ्मयही आपल्याच खात्यात मोडते असा त्यांचा समज आहे. हा चित्रपट आमच्या घरी पाहायचे ठरले तेव्हा ते ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर आणि एक रेघांची वही घेऊन आले. वहीच्या डाव्या पानावर चित्रपटातील बाब, उजव्या पानावर होमरमधील तिचा आधार, असा जमाखर्च त्यांनी मांडला आणि चष्मा पुसून पंचनाम्याला बसले. रुळांवरून हातगाडी हाकत येणारा आंधळा वृद्ध भविष्य सांगू लागला तसा त्यांनी होमरचा आंधळा द्रष्टा टायरीसिअस रुजू करून घेतला. नदीकाठी कपडे धुता धुता गाणाऱ्या तीन लावण्यवती दिसल्या तेव्हा सायरन जमा झाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पीटचे नुसते कपडे खडकावर पसरलेले आणि त्यांतून एक बेडूक बाहेर आलेला पाहून, ही बाब सायरनच्या नावे टाकावी की माणसांची जनावरे करणाऱ्या सर्सीच्या, या प्रश्नावर त्यांनी चित्रपट थांबवायला लावला. त्या बेडकाला पीट समजून डेल्मर त्याला बुटांच्या खोक्यात घालून जिवापाड सांभाळतो, हे पाहून आमच्या सौभाग्यवतीला हसू आवरेना. स्नेह्यांनी मात्र खोक्याला मुळात आधार नाही असा शेरा मारला.

बिग डॅन हा एका डोळ्याचा, बायबल विकत हिंडणारा धिप्पाड फिरता विक्रेता आला तेव्हा तर त्यांनी टाळीच वाजवली. जॉन गुडमनने ही भूमिका अशी केली आहे की हा माणूस ईश्वराचे नाव घेऊ लागला की खिसा सांभाळावासा वाटतो. पुढे पांढऱ्या झुली घातलेल्या वर्णद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनवाल्यांच्या रात्रीच्या मेळ्यात, जिथे कवायतीची शिस्त एवढी हास्यास्पद आहे आणि हेतू एवढा अमंगळ आहे की हसता हसता घास अडकावा, ध्वजाचा टोकदार दांडा फेकला जातो तो थेट बिग डॅनच्या एकुलत्या एका डोळ्याच्या दिशेने. स्नेही खुर्चीतून अर्धे उठले. एकाक्ष पॉलिफीमसच्या डोळ्यात घातलेला तो निखाऱ्यात तापवलेला वासा त्यांनी वर्गात इतक्या वर्षांत इतक्या वेळा घातला होता! दांडा डोळ्यापासून वीतभर अंतरावर आला आणि बिग डॅनने तो हाताने अलगद झेलला. वाचलेल्या माणसाचीच अशी फजिती होऊ शकते. न वाचलेल्यांना तो साधा दांडा. क्षणभराने जळता क्रूस कोसळून राक्षस गारद झाला खरा, पण स्नेह्यांचा चेहरा काही पूर्ववत झाला नाही.

ताळेबंद अर्थातच जमला नाही. नायकाला बेटावर अडकवून ठेवणारी कॅलिप्सो गैरहजर, समुद्रातल्या राक्षसिणी सिला आणि करिब्डिस बेपत्ता, एका पुत्राच्या जागी सात मुली, आणि त्या सातही जणींना आईने सांगून ठेवलेले की बाप आगगाडीखाली मेला. मूळ नायकाने एकशे आठ मागणीदार धनुष्यबाणाने लोळवले. इथे मागणीदार एकच, आणि तोच नायकाला वुलवर्थच्या दुकानात यथास्थित चोपून काढतो. वर दुकानाचा माणूस त्याला बाहेर फेकून पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून बजावतो, तेव्हा बिनसनदी वकिलाला पडणारा प्रश्न असा की हा मनाई हुकूम एवढ्याच शाखेपुरता की सर्व शाखांना लागू. स्नेह्यांना सर्वांत जास्त लागले ते म्हाताऱ्या कुत्र्याचे. वीस वर्षे धन्याची वाट पाहत उकिरड्यावर पडलेला आणि त्याला ओळखून शेपूट हलवून प्राण सोडणारा तो आर्गस वर्गात शिकवताना दरवर्षी त्यांचा आवाज चिरकत असे. डाव्या पानावर त्यांनी कुत्र्याची ओळ कोरी ठेवली होती आणि शेवटपर्यंत ते तिच्याकडे पाहत होते. “भाऊजी, त्या कुत्र्याचं राहू द्या आता,” सौभाग्यवती म्हणाल्या, “चहा गार होतोय.”

एका बाबीत मात्र या वहीने माझे डोळे उघडले. एव्हरेटला केसांचे भारी वेड. डॅपर डॅन नावाच्या पोमेडचा डबा त्याला जिवापेक्षा प्यारा. दुकानात तो मिळाला नाही आणि दुसऱ्या छापाचा पुढे केला तर त्याला अपमान वाटतो. झोपताना केसांना जाळी. जाग आली की पहिली चौकशी केसांची. आणि शेरीफचे कुत्रे माग काढतात ते त्या पोमेडच्या वासावरून. मला वाटले, हा निव्वळ पदरचा मसाला. स्नेह्यांनी डबाभर पोमेडसमोर बराच वेळ पेन्सिल रोखून धरली, मग भाषांतराची पाने मागे उलटली, सहावा सर्ग काढला, पुढे तेविसावा काढला, आणि विजयी मुद्रेने दोन्ही ठिकाणी बोट ठेवले. परक्या राजकन्येसमोर आणि पुढे स्वतःच्या पत्नीसमोर ओडिसिअस जाऊन उभा राहतो तेव्हा अथीना देवी जातीने त्याच्यावर रूप ओतते आणि त्याचे केस हायसिंथच्या फुलांसारखे कुरळे, घनदाट करून खांद्यावर सोडते. देवीने दोन वेळा केलेली केशभूषा मंदीच्या काळात डब्यातून मिळते, एवढाच काय तो फरक. आता ज्यांनी ग्रंथ वाचला नाही म्हणून सांगितले, त्यांना हे सुचले कसे?

चित्रपटातला मला सर्वांत प्रिय प्रसंग माळरानावरच्या एका रेडिओ केंद्रात घडतो. तिघा फरारी कैद्यांना वाटेत टॉमी जॉन्सन नावाचा कृष्णवर्णी गिटारवाला भेटलेला आहे. चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्याने गिटारीची विद्या घेतली आहे, आणि एवढ्यासाठी आत्मा कसा दिलास असे विचारल्यावर, तो तसाही वापरात नव्हता असा हिशेबी जबाब त्याने दिला आहे. डबड्यासारख्या यंत्रात गाणाऱ्याला दहा डॉलर मिळतात असे त्याच्याकडून कळते. केंद्राचा मालक आंधळा. तो विचारतो, तुम्ही गोरे की काळे? एव्हरेट एक उत्तर देतो. ते अडचणीचे ठरते आहे असे दिसताच तेवढ्याच आत्मविश्वासाने त्याच्या उलट उत्तर देतो. मग चौघे डबड्याभोवती कोंडाळे करतात, टॉमीची बोटे तारांवर फिरतात, आणि हे तिघे भामटे असे काही गातात की मालक खूश होऊन तिथल्या तिथे पैसे मोजायला काढतो. माणशी दहा. एव्हरेट हजेरीपटावर चौघांच्या जागी सहा नावे सांगतो. उरलेल्या दोघांना लिहिता येत नाही, त्यांच्या नावापुढे फुल्या मारू म्हणतो. आणि साठ डॉलर घेऊन मंडळी पसार होतात. आपल्या रोजगार हमीच्या मस्टरवर ज्यांनी मेलेल्या माणसांचे अंगठे पाहिले आहेत त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. परंतु डोळ्यांनी अधू असलेल्या त्या मालकाकडे पाहताना मला वाटून गेले की ग्रीक परंपरेने होमरलाही आंधळाच मानले आहे, आणि त्यालाही असेच कोणीतरी चार माणसांच्या जागी सहा सांगून गेले असेल. ‘होमर’ हे नाव मात्र पटकथेत या मालकाला मिळालेले नाही. ज्याच्या जिवावर सारा खटाटोप, त्याचे नाव त्यांनी बहाल केले आहे सुधारणेच्या गप्पा मारणाऱ्या आणि रात्री क्लॅनच्या म्होरक्याची झूल चढवणाऱ्या ढोंगी उमेदवाराला.

बाकी चित्रपटाच्या बाहेरही सत्याचा सुळसुळाट होता अशातला भाग नाही. नावच मुळी उसने: प्रेस्टन स्टर्जेसच्या 1941 सालच्या ‘सुलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ या चित्रपटातला दिग्दर्शक गोरगरिबांच्या दुःखावर जो गंभीर चित्रपट काढायचे मनाशी घेतो आणि काढत नाही, त्याचे हे नाव. न निघालेल्या चित्रपटाचे नाव न वाचलेल्या ग्रंथावरच्या चित्रपटाला दिलेले. पडद्यावर दिसणारी ती करपलेली, जुन्या छायाचित्रासारखी पिवळट मिसिसिपी चित्रीकरणाच्या वेळी हिरवीगार होती. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी सबंध चित्रपट संगणकात घालून पानन्‌पान वाळवले, आणि हॉलिवूडमध्ये एवढ्या प्रमाणावर असे रंग पालटण्याचा हा पहिला प्रयोग मानतात. क्लूनीने गाण्याचा कसून सराव केला, पण ओठ त्याचे आणि गळा डॅन टिमिन्स्कीचा. हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात काही वावगे वाटणार नाही, तिकडे मात्र त्याची चर्चा झाली. बोलण्याची ढब यावी म्हणून क्लूनीने केंटकीतल्या आपल्या काकांकडून सगळे संवाद ध्वनिमुद्रित करून आणवले होते. काका धर्मनिष्ठ बॅप्टिस्ट. संहितेत जिथे जिथे शिवीगाळ होती तिथे तिथे ती गाळून त्यांनी शुद्ध पाठ पाठवला, आणि बंधुद्वयाला आपले शब्द कुठे गेले याचा शोध घ्यावा लागला. भांडारकर मंदिरातल्या विद्वानांना असले काका चांगले परिचयाचे असतील.

शेवटाविषयी माझ्या घरी मतभेद आहे. होमरची पेनेलोपी परतलेल्या नवऱ्याची परीक्षा घेते ती खाटेवरून: खाट बाहेर हलवा, असे ती दासीला सांगते, आणि जिवंत ऑलिव्ह झाडाच्या खोडातून स्वतःच्या हाताने कोरलेली ती खाट हलणे शक्य नाही, असे तो संतापून बोलतो तेव्हा तिची खात्री पटते. चित्रपटातील पेनी, म्हणजे हॉली हंटर, नवऱ्याकडे आपली जुनी लग्नाची अंगठी मागते, आणि ती आणायला मंडळी बुडायला निघालेल्या दरीकडे जातात. राज्यपालाने रेडिओवर माफीनामा जाहीर केलेला असूनही शेरीफ दरीतल्या झोपडीपाशी फास टांगून, खड्डे खणून तयार आहे. माफीनाम्याला तो भीक घालत नाही. आणि आयुष्यभर बुद्धिवादाची पोपटपंची करणारा एव्हरेट गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. त्याच क्षणी धरणाचे पाणी येऊन सारे वाहून नेते. डोके पाण्याबाहेर निघताच हा पठ्ठ्या सांगू लागतो की यात दैवी काही नाही, जलविद्युत आहे, विज्ञानयुग येते आहे. आणि तेवढ्यात आंधळ्याच्या भविष्याबरहुकूम छपरावर चढलेली एक गाय त्याच्या समोर येते. वाहून आलेल्या मेजाच्या खणात अंगठी सापडते, ती घेऊन तो पेनीपुढे उभा राहतो, आणि ती म्हणते, ही माझी नव्हे. मग तिची कुठे ठेवली होती, हे तिलाही नक्की आठवत नाही. ती असेल तिथे आता तळे आहे. पण तिने एक-दोन-तीन म्हटलेले आहे, आणि तीन म्हटल्यावर विषय संपतो. स्नेह्यांनी इथे पेन्सिल खाली ठेवून, होमरच्या कथेची ही अधोगती आहे, असा अभिप्राय दिला. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की चित्रपटात एवढीच एक बाई शहाणी आहे, आणि खोटे बोलून घर सोडणाऱ्याला असाच तळ्याचा तळ उपसायला लावला पाहिजे. असे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिले ते मला कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.

या सगळ्या बनावट कारभारात एक चीज अस्सल आहे, आणि ती आरंभीच येते. खडी फोडणाऱ्या कैद्यांच्या गाण्याने चित्रपट उघडतो. ते गाणे कोणा पार्श्वगायकाचे नसून 1959 साली अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकाने मिसिसिपीच्या सरकारी तुरुंगात, लाकडे फोडताना ताल धरून गाणाऱ्या खऱ्याखुऱ्या कैद्यांच्या तोंडून टिपलेले आहे. म्होरक्याचे नाव जेम्स कार्टर. चित्रपटाची ध्वनिमुद्रिका लाखांनी खपू लागली, 2002 साली तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले, आणि त्यापूर्वीच लोमॅक्सच्या संग्रहाच्या मंडळींनी जुनी कागदपत्रे उलथीपालथी करून कार्टरचा पत्ता लावला होता. सुटून शिकागोत स्थायिक झालेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थाला आपण असे काही गाणे कधी गायलो होतो हे आठवतही नव्हते. मानधनाचा पहिला धनादेश त्याच्या हातात ठेवण्यात आला, आणि तो सपत्नीक ग्रॅमीच्या समारंभालाही जाऊन आला. एव्हरेटचे 12 लाख डॉलर सबंध चित्रपटात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. कार्टरचे 20 हजार पोचले.